चौऱ्याहत्तर किलो

मला आधी त्याचे कान ओळखू आले, मग तो.

इथे परदेशात, क्लेमेंटीच्या पुढच्या औद्योगिक वसाहतीत माझं गोडाऊन आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतली पॅकिंग मशिनं मी उचलतो, धुऊनपुसून, रंग मारून परत विकतो. रंग मारणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. लग्नाच्या मुलीला कोण पारोशी दाखवतं? तर दोन हजार अकरा साली एका गिऱ्हाइकाने माझं मशीन तपासायला हा जर्मन इंजिनिअर पाठवला. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, मान जवळजवळ नाहीच. आल्या आल्या त्याने हात पुढे केला, माझा हात दाबला, आणि एक शब्द न बोलता मशीनच्या गिअरबॉक्सवर तळहात ठेवून उभा राहिला. देवळात खांबाला टेकून उभं राहावं तसा.

"हा तेल पितो," तो म्हणाला.

"नवीन सील टाकलंय."

"आणि तासांचा मीटर बदललाय."

मग मी तापलो. माझ्या तापण्याची ख्याती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांजोंग पगारच्या बँकांपर्यंत आहे. मी त्याच्या अंगावर गेलो, बोट नाचवलं, त्याच्या कंपनीचा आणि देशाचा उद्धार केला. तो ऐकत होता, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या डाव्या कानाकडे बघत होता. तो कान तालमीत मोडलेला आहे. आत रक्त साकळून गाठ धरते आणि कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो तो जन्मभर. तेव्हा माझं लक्ष त्याच्या कानांकडे गेलं. दोन्ही गेलेले होते.

"फ्रीस्टाइल?" त्याने विचारलं.

"मातीतली," मी म्हणालो.

तो पहिल्यांदा हसला. परत एकदा हात मिळवला आणि अहवालात लिहिलं, तेल पितो, मीटर बदललेला. त्यात काही फरक पडला नाही. मशीन मला पाडून द्यावं लागलं. मी आयुष्यात शेकडो लोकांना त्यांच्या भावावरून हलवलंय. या माणसाला केसभर हलवता आलं नाही. तो भाव करतच नसे. एकदा बोलायचा आणि मग नुसता उभा राहायचा.

जर्मन भाषेत पैलवानाला रिंगर म्हणतात. तो मला रिंगर म्हणायला लागला आणि मी त्याला पैलवान. एकमेकांची नावं आम्ही फारशी कधी वापरली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो परत आला. काम नव्हतं. गोडाऊनच्या दाराशी मोठा वजनकाटा आहे, पेट्या तोलायचा. त्याने बूट काढले, शर्ट काढला, खुंटीला नीट अडकवला, आणि हाफपँटवर काट्यावर चढला. चौऱ्याहत्तर. उतरला, कपडे घातले, माझ्याशी हात मिळवला आणि गेला.

माझ्याकडे एक चिनी म्हातारा कामाला होता. त्याला सगळे अंकल म्हणायचे. तो फोर्कलिफ्टवरून खाली उतरला आणि कपाळाला बोट लावून म्हणाला, "बॉस, दिस आंग मो सिआओ वन." गोऱ्या माणसाला इथे आंग मो म्हणतात आणि सिआओ म्हणजे डोक्याने गेलेला.

मग दर शुक्रवारी बारा वाजता. घरातले काटे खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं. एका शुक्रवारी आकडा तीनशे ग्रॅमने वर गेला. त्याने पिशवीतून प्लास्टिकचा रेनकोट काढला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि पत्र्याच्या त्या भट्टीत पेट्यांच्या रांगांमधून पळायला लागला. बाहेर तेहतीस डिग्री. चाळीस मिनिटं. सुरुवातीला अंकल हसत होता, मग हसणं थांबलं, शेवटी तो रांगेच्या टोकाला उभा राहून टाळ्या वाजवत होता, "गो, आंग मो, गो!" रेनकोट काढला तेव्हा आतून पाण्याची धार पडली. काट्यावर चढला. चौऱ्याहत्तर. पंचावन्न वर्षांचा माणूस. माझं स्वतःचं पोट तेव्हा पट्ट्यावरून खाली बघायला लागलं होतं.

अशा माणसाला कोणी घरी जेवायला बोलवत नाही, मी बोलावलं. तो क्लेमेंटीतच एका सरकारी इमारतीत अकराव्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा आणि लिफ्ट वापरायचा नाही. माझी बायको कोल्हापूरची. पैलवान जेवायला येणार म्हटल्यावर तिने तांबडा-पांढरा रस्सा केला. हा अर्धी भाकरी आणि वाटीभर पांढरा रस्सा घेऊन थांबला. "अहो, त्यांना म्हणावं लाजू नका," ती मला म्हणाली. मी सांगितलं, लाजत नाही, आज गुरुवार आहे. तिने त्याच्याकडे असं बघितलं जसं ती चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या आईकडे बघत असेल.

त्याची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि तीही उलट्या बाजूने. कारण तो जिंकलेल्या कुस्त्यांबद्दल बोलतच नसे. त्याच्याजवळ एक जाड वही होती, काळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. वयाच्या बाराव्या वर्षापासून हरलेली प्रत्येक कुस्ती तिच्यात होती. कोणाकडून, कुठे, कितव्या मिनिटाला, आणि खाली एका ओळीत कारण. कारणात पंच, आजारपण, नशीब हे शब्द चालत नसत. 'उजवा पाय पुढे राहिला.' 'श्वास मोजत होतो.' 'प्रेक्षकांत वडील दिसले.'

"आणि जिंकलेल्या?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्यांच्या वह्यांत आहेत."

दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात त्याच्या वडिलांची बेकरी होती. तिथे शनिवारी संध्याकाळी गावागावांच्या क्लबांच्या कुस्त्या होत. हॉलमध्ये बियर, सॉसेज, आणि मधे मॅट. आमच्या जत्रेचं ऐकतोय असं मला वाटायचं, फक्त हलगी नाही. पायांना हात लावायची परवानगी असलेली कुस्ती तो खेळायचा, म्हणजे आपल्याकडे खेळतात त्याच जातीची. वजन उतरवायला तो दोन स्वेटर घालून बापाच्या भट्टीशेजारी बसायचा आणि समोरून ताज्या पावांचे ट्रे जायचे. "ते माझं विद्यापीठ," तो म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या ऑलिंपिकसाठी निवड कुस्ती झाली, ती तो हरला. ही कुस्ती त्याने मला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफीच्या दोन कपांनी करून दाखवली. एक कप तो, एक कप समोरचा, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान पोरगा. त्या पोराने खांदा कसा खाली घातला, याचा पाय कसा उचलला, शेवटच्या दहा सेकंदांत काय झालं. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. इतक्या प्रेमाने मी माझ्या जिंकलेल्या सौद्याबद्दलही बोललो नसेन. कॉफी सगळी टेबलावर सांडली होती. "काय पट काढला त्याने!" तो म्हणाला. "काय पट!"

"आणि त्याच्या आधीचं? ऐंशीचं?"

तो टेबल पुसायला लागला.

ते मला नंतर कळलं, त्याच्या खोलीवर. वहीत एक दुमडलेला कागद होता, पिवळा पडलेला. शिंप्याचं माप. छाती, खांदा, बाही. ऐंशी साली मॉस्कोला जाणाऱ्या संघात तो होता, चौऱ्याहत्तर किलोत. संघाच्या कोटाचं माप दिलं होतं. मग रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घातलं म्हणून पश्चिम जर्मनीने जायचं नाही असं ठरवलं, आणि हा तेवीस वर्षांचा पोरगा बेकरीत घरी बसला.

माझं रक्त खवळलं. "आणि तू काय केलंस? भांडला नाहीस? कोर्टात गेला नाहीस?"

"वजन ठेवलं," तो म्हणाला.

"काय?"

"मला कोणी हरवलं नाही. वजनातही बाद केलं नाही. म्हणून वजन ठेवलं." कागद परत घडी करून वहीत ठेवताना त्याने मला वही उघडून दाखवली. ऐंशी सालचं पान नव्हतंच. एकोणऐंशीच्या डिसेंबरनंतर थेट एक्याऐंशीचा मार्च. "ऐंशीत मी हरलो नाही, रिंगर. लिहिणार काय?"

मी त्या दिवशी अकरा मजले पायी उतरलो.

दोन हजार बाराच्या दिवाळीत मी त्याला माझी गोष्ट सांगितली. खरं तर त्याने ऐंशीचं सांगितल्यापासून माझ्या जिभेवर होती. माझ्याकडेही एक लुटलेली कुस्ती होती ना! बायकोने ती लग्नापासून इतक्या वेळा ऐकली आहे की मी सुरुवात केली तसे तिने चकल्यांचे डबे आवरायला घेतले.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या गावची जत्रा, सांगलीकडची. शेवटची कुस्ती माझी, आणि ती निकाली ठरलेली, म्हणजे एकजण चीत होईपर्यंत चालायची. समोर पलीकडच्या तालुक्यातला पोरगा, माझ्याहून जड. पंच आमचे वस्ताद. ज्यांच्या तालमीत मी सहा वर्षं माती खोदली, ज्यांचे पाय रोज धरले, ते. पंचवीस मिनिटं झाली. मग मला त्याचा हात सापडला आणि मी ढाक टाकली. ढाकेत समोरच्याचा हात काखेत आवळून कंबर फिरवायची आणि त्याला अंगावरून पलीकडे भिरकावायचं. दोघंही गरगर फिरलो. हलगी थांबली. वर निरभ्र आभाळात एक घार गोल फिरत होती, तीसुद्धा मला अजून लख्ख दिसते. मी उठलो तेव्हा तो खाली होता, पाठ लाल मातीने भरलेली. मी दंड थोपटले. आणि वस्तादांनी आम्हां दोघांचे हात धरून वर केले. बरोबरी.

निकाली कुस्तीत बरोबरी! मी ओरडलो. वस्ताद माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "दिलीय ती घे. गप बस." मी गप बसलो नाही. त्यांना जे बोलू नये ते बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाया न पडता गाव सोडलं, मुंबई गाठली, तिथून पुढे इथे आलो. परत कधी आखाड्यात उतरलो नाही, त्यांना भेटलो नाही. ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मात्र त्या दिवसापासून मी कुठलाही सौदा निम्म्यावर तोडलेला नाही. समोरचा म्हणतो, चला, तुमचं राहू दे, माझं राहू दे, मधे भेटू. मी उठून जातो. ज्याची पाठ टेकली ती टेकली.

बोलून झाल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. मला काय हवं होतं हे मला माहीत होतं. ऐंशीच्या पैलवानाने माझा हात दाबावा आणि म्हणावं, आपण दोघं सारखेच.

तो चकलीच्या तुकड्याकडे बघत होता. "घार," तो म्हणाला. "ती केव्हा दिसली?"

"सांगितलं ना. टाकल्यावर."

"उठायच्या आधी?"

"हो, आधी."

त्याने चकलीचा तुकडा ताटलीत परत ठेवला. मग म्हणाला, "जो वर असतो त्याला माती दिसते, रिंगर. रविवारी हॉलवर ये."

स्वयंपाकघरातला डब्यांचा आवाज थांबला होता.

दर रविवारी सकाळी तो कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये विद्यापीठातल्या मुलामुलींना फुकट कुस्ती शिकवायचा. त्यांचं झाल्यावर त्याने मला मॅटवर घेतलं. बायको बाकावर बसली होती; मी नको म्हटलं तरी आली होती. "वीस वर्षं ऐकतेय, एकदा बघू तरी दे," म्हणाली.

"मी तो पोरगा," जर्मन म्हणाला. "तू जसं केलंस तसंच कर. हात जसा धरला तसाच धर."

अंग विसरत नाही. मी त्याचा हात काखेत आवळला, कंबर फिरवली, टाकला. आम्ही गरगरलो. मी उठलो तेव्हा तो खाली होता. "बघ!" मी ओरडलो.

"हळू झाली. पुन्हा."

दुसऱ्यांदाही तसंच. तो खाली, मी वर. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आता सगळ्या रागाने कर." राग काय, माझ्याकडे भरपूर होता. मी टाकला. जग फिरलं, आणि फिरता फिरता एका क्षणाला त्याने माझी काख घट्ट धरून ठेवली, घड्याळ थांबवावं तसं आम्हां दोघांना तिथेच थांबवलं.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बाजूने येत होता.

"पंखा," मी म्हणालो. विचार करायच्या आधीच म्हणालो.

छताचा पंखा माझ्या बरोबर डोक्यावर होता. माझे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले होते. तो अजून खाली यायचा होता, त्याची पाठ अजून हवेत होती. मी त्याच्याआधी पोचलो होतो.

बाकावरून बायको म्हणाली, "अहो, तुमची टेकली."

"यानं मुद्दाम धरलं!"

"नाही धरलं तरी टेकणारच होती. आधीच्या दोन वेळाही टेकली. मी काही बोलले नाही."

मी पाच-सहा वेळा केली. वय विसरून केली, गुडघे सोलून घेतले. दर वेळी पंखा. शेवटी त्याने विचारलं, "समोरच्याचा हात कधी सोडतोस?"

"सोडत नाही."

"तेच," तो म्हणाला. "सोडायचा असतो, रिंगर. सोडला नाही की तो तुला खाली ओढतो. तू आधी टेकतोस, मग फिरून तो. तुझ्या वस्तादाने हे बघितलं. त्या मैदानात बहुतेक त्याने एकट्यानेच बघितलं."

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी भडकलो. मी चीत झालो होतो. गावासमोर, हलगीसमोर, चीत. आणि त्या म्हाताऱ्याने स्वतःचा पंचाचा शब्द खोटा करून मला बरोबरी दिली होती. दिलीय ती घे, म्हणाला होता. मी अठ्ठावीस वर्षं त्याला चोर म्हणत आलो.

हे त्या हॉलमध्ये मी बोललो नाही. तिथे मी जर्मनाला शिव्या दिल्या, मराठीत आणि इंग्रजीत. शेवटी म्हणालो, माझ्या गोडाऊनमध्ये परत पाऊल टाकायचं नाही. त्याने हात पुढे केला, कुस्ती संपल्यावर करतात तसा. मी तो घेतला नाही.

पुढच्या शुक्रवारी बारा वाजता काटा रिकामा होता. अंकलने दोनदा दाराबाहेर बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. घरी बायकोने विषय काढला नाही, फक्त एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "वस्तादांची बायको आहे का हो अजून?" मी उठून बाहेर गेलो.

मग दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत बातमी आली की ऑलिंपिकमधून कुस्ती काढून टाकण्याची शिफारस झाली आहे. मंगळवार होता. मी ती बातमी तीनदा वाचली. हजारो वर्षांचा खेळ आणि कागदावरची एक ओळ. मला सारखं ते शिंप्याचं माप आठवत होतं.

शुक्रवारी दुपारी अंकल माझ्या केबिनच्या दारात आला. "बॉस. आंग मो."

"कुठे?"

"अपोझिट. एव्हरी फ्रायडे, बॉस. यू डोन्ट लुक ओन्ली."

समोर भंगारवाल्याचं दुकान आहे. तिथे रद्दी तोलायचा काटा आहे. खोक्यांच्या गठ्ठ्यांमधे, जुन्या फ्रीजच्या शेजारी, तो हाफपँटवर उभा होता. भंगारवाल्याची म्हातारी बायको हातात त्याचा शर्ट धरून उभी होती. तीन महिने दर शुक्रवारी तो माझ्या दारासमोर येऊन वजन करून गेला होता आणि एकदाही रस्ता ओलांडला नव्हता.

मी रस्ता ओलांडला.

"तो काटा खोटा आहे," मी म्हणालो. "भंगारवाल्याचा काटा कधी खरा असतो का? चल."

तो माझ्यामागून आला. माझ्या काट्यावर चढला. चौऱ्याहत्तर. भंगाराच्या काट्यावर तीन महिने त्र्याहत्तर पूर्णांक सहा येत होतं, असं त्याने सांगितलं. किती खोटा आहे ते हिशेबात धरून तो जेवत होता.

"बातमी वाचलीस?" मी विचारलं.

"वाचली."

"आता ऑलिंपिकच राहणार नाही. कोणासाठी ठेवतोस हे वजन?"

त्याने शर्टाची बटणं लावली, सगळी. "ऐंशी सालीही मला ऑलिंपिक नव्हतं," तो म्हणाला.

मी त्याचा हात हातात घेतला. कुस्ती संपल्यावर घेतात तसा. तीन महिने उशिरा.

सप्टेंबरात गणपती बसले त्याच सकाळी बातमी आली की कुस्ती ऑलिंपिकमध्ये राहणार. तो आमच्याकडे आरतीला आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने हात राखला नाही. अकरा मोदक खाल्ले, वर तूप घेऊन. बायको मोजत होती आणि डोळे पुसत होती. त्या शुक्रवारी तो काट्यावर चढला तेव्हा अंकल आणि मी दोघंही श्वास धरून होतो. चौऱ्याहत्तर. कसं केलं, देव जाणे. भट्टी कुठे शोधली, कोणाला माहीत.

पंधरा साली तो जर्मनीला परत गेला. गावच्या क्लबला पोरं शिकवायला माणूस हवा होता. शेवटच्या शुक्रवारी वजन झाल्यावर मी त्याला वही मागितली आणि त्या रविवारचं पान शोधलं. नव्हतं.

"त्या दिवसाचं काही लिहिलं नाहीस?"

"मी जिंकलो ना," तो म्हणाला. "ते तुझ्या वहीत असेल."

"माझ्याकडे वही नाही."

त्याने खांदे उडवले. हात मिळवला आणि गेला. जाताना मागे बघितलं नाही. मॅटवरून उतरलेला पैलवान बघत नाही.

मी लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानातून काळ्या पुठ्ठ्याची एक वही घेतली. तिथे भाव होत नाही, लावलेली किंमत द्यावी लागते. दिली. वही दोन महिने टेबलाच्या खणात पडून होती. वस्तादांवर माझा राग आजही आहे. त्यांनी मला सांगायला हवं होतं. कानाशी आले होते, तेव्हाच म्हणायचं होतं, पोरा, टेकलास. मी चार शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस रडलो असतो, आणि परत त्यांच्या मातीत उतरलो असतो. त्यांनी माझी लाज राखली आणि माझी कुस्ती गेली. यावरून भांडायला ते नाहीत.

परवा शुक्रवारी, बारा वाजता, वही उघडली. गावाचं नाव लिहिलं. त्या पोराचं नाव लिहिलं. मला वाटलं होतं विसरलो असेन, विसरलो नव्हतो. पंचविसावं मिनिट. खाली लिहिलं: बहुतेक चीत. कारण: हात सोडला नाही.

पेन खाली ठेवलं. बाहेर अंकलची फोर्कलिफ्ट मागे-पुढे होत होती.

मग पेन घेतलं आणि 'बहुतेक' खोडलं.